पेंड खामगावची, सौदा अहमदाबादचा

२२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादच्या एका पेढीने खामगावच्या ‘केडिया’ जिनिंग फॅक्टरी आणि ऑइल मिलला ट्रंक कॉल लावला. हवी होती सरकीची पेंड. अहमदाबादने देकार दिला, खामगावने फोनवरच ‘हो’ म्हटले. कागद नाही, सही नाही. पुढे माल काही आला नाही, आणि अहमदाबादकरांनी आपल्याच शहरातल्या दिवाणी न्यायालयात ३१,१५० रुपयांचा दावा लावला. खामगावकरांचे म्हणणे असे, की ‘हो’ आम्ही खामगावात बसून म्हटले, म्हणजे करार खामगावात झाला. दावा लावायचा तर आमच्या गावी या.

हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ऑगस्ट १९६५ मध्ये तिघांपैकी दोन न्यायमूर्तींनी सांगितले, की फोनवर बोलणे हे समोरासमोर बोलण्यासारखेच आहे. ‘हो’ जिथे ऐकू आले तिथे करार पुरा झाला, म्हणजे अहमदाबादला. तिसरे न्यायमूर्ती होते महंमद हिदायतुल्ला, पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. त्यांनी १८७२ च्या करार कायद्याचे चौथे कलम समोर ठेवले. स्वीकार करणाऱ्याच्या हातून निरोप एकदा सुटला, की देकार देणारा बांधला जातो, असे ते कलम म्हणते. शब्द खामगावात तोंडातून सुटले, तेव्हा करारही खामगावचाच. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा ‘केडिया खटला’ परीक्षेपुरता पाठ असतो. मला मात्र त्यातली एक गोष्ट नेहमी चकित करते. देश एक, कायदा एक, सर्वोच्च न्यायालय एक, तरीही करार कुठे झाला एवढे ठरायला सहा वर्षे लागली. ती पेंड देशाची सीमा ओलांडून जायची असती तर?

तर पहिला प्रश्न ‘कुठले न्यायालय’ हा असता आणि दुसरा ‘कुठला कायदा’. या दुसऱ्या प्रश्नावर एका प्राध्यापकाने आयुष्य घातले. एर्न्स्ट राबेल. मराठी कानाला हे आडनाव भविष्यकाळातल्या क्रियापदासारखे लागते, आणि माणूस खरोखरच तसा निघाला. १८७४ मध्ये व्हिएन्नात वकिलाच्या घरी जन्म, रोमन कायद्याच्या इतिहासाचे शिक्षण, मग लाइपझिग, बाझल, कील, ग्योटिंगेन, म्युनिक अशी प्राध्यापकी. जुनी रोमन कागदपत्रे वाचणारा हा माणूस तिथेच राहिला असता, तर आज त्याचे नाव दहा-वीस तज्ज्ञांपलीकडे कोणाला ठाऊक नसते. पण पहिले महायुद्ध संपले आणि युरोपच्या व्यापाऱ्यांचे अडकलेले करार तहांनी नेमलेल्या मिश्र लवादांपुढे येऊ लागले. जर्मनी आणि इटली यांच्यातल्या लवादावर राबेल बसले. पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पोलंडविरुद्धच्या खटल्यांत जर्मनीच्या वतीने तात्पुरते न्यायाधीश म्हणूनही गेले. युद्धाआधीच्या व्यापाराचा ताळेबंद तहानंतर कसा वाचायचा, हे त्यांनी त्या खुर्चीवरून पाहिले.

१९२६ मध्ये बर्लिनला कैझर विल्हेल्म संस्थेने परदेशी व आंतरराष्ट्रीय खासगी कायद्याच्या अभ्यासासाठी नवे केंद्र काढले आणि राबेल त्याचे संचालक झाले. जागा मिळाली ती गादी गेलेल्या कैझरच्या राजवाड्यात. राजाच्या दालनांत जगभरचे कायदे, निवाडे आणि नियतकालिके येऊन पडू लागली. त्याच वर्षी राष्ट्रसंघाच्या छत्राखाली खासगी कायद्याच्या एकीकरणासाठी रोमची ‘युनिद्र्वा’ ही संस्था निघाली. तिचे अध्यक्ष व्हित्तोरियो शालोया यांच्याकडे राबेल यांनी कल्पना मांडली, की सुरुवात मालाच्या खरेदी-विक्रीपासून करावी. १९२९ मध्ये त्यांनी प्राथमिक अहवाल दिला. १९३० मध्ये समिती बसली. तिच्यात इंग्रज, फ्रेंच, स्कँडिनेव्हियन आणि जर्मन कायदेपंडित होते. लग्न, वारसा, जमीन या गोष्टींत धर्म, घराणे आणि भावना गुंतलेल्या असतात. तिथे एकीकरण म्हटले की तलवारी निघतात. कापूस, कोळसा, लोकर विकताना मात्र हॅम्बुर्गच्या आणि मार्सेच्या व्यापाऱ्याला हवे असते तेच मुंबईच्या व्यापाऱ्याला हवे असते.

मग अडचण काय होती? इथे राबेल यांची रीत समजून घेतली पाहिजे, कारण एकीकरणाच्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया तीच आहे.

वाटेत माल बुडाला तर नुकसान कोणाचे, एवढा साधा प्रश्न घ्या. फ्रेंच संहिता, १८०४ पासूनची, म्हणते की वस्तू आणि किंमत ठरली त्याच क्षणी मालकी खरेदीदाराची झाली आणि जोखीमही तिच्याबरोबर गेली. जर्मन संहिता, १९०० पासूनची, म्हणते की ताबा दिला तेव्हा जोखीम गेली. इंग्रजांचा १८९३ चा कायदा, आणि त्यावर बेतलेला आपला १९३० चा मालविक्री कायदा, म्हणतो की जोखीम मालकीच्या मागोमाग जाते. मालकी कधी जाते ते पक्षकारांच्या इराद्यावर, आणि इरादा कळत नसेल तर हे घ्या नियम. आता या तीन देशांचे पंडित एका टेबलाशी बसवून ‘मालकी म्हणजे काय’ हा विषय काढला, तर तहहयात चर्चा चालेल. प्रत्येकाच्या मालकीच्या कल्पनेमागे दोन हजार वर्षांचा इतिहास आणि स्वतःच्या गुरूचा ग्रंथ उभा असतो.

राबेल यांनी मालकीचा विषयच टेबलावरून उचलला. त्यांचे म्हणणे असे, की आधी संकल्पना विचारू नका, व्यवहारातली अडचण विचारा. माल बोटीवर आहे. विकणारा तो सांभाळू शकत नाही, घेणाऱ्याच्या हातात तो अजून पडलेला नाही. विम्याची तजवीज कोणाला सोपी? खराबी उघडकीला आल्यावर माल तपासणे, विकून टाकणे, दावा करणे कोणाला जमेल? हे विचारले की फ्रेंच, जर्मन आणि इंग्रज वकील बऱ्याचदा एकाच उत्तरापाशी येतात, फक्त तिथवर जाण्याच्या त्यांच्या वाटा वेगळ्या असतात. पुढे १९८० साली जो आंतरराष्ट्रीय करार झाला त्यात नियम असा आहे: माल पाठवायचा असेल, तर पहिल्या वाहतूकदाराच्या हाती तो सुपूर्द झाला की जोखीम खरेदीदाराची. मालकी कोणाची, यावर त्या करारात चकार शब्द नाही. तो विषय आम्ही हाताळत नाही असे चौथ्या कलमात सरळ लिहून टाकले आहे. एकीकरणासाठी काय सोडून द्यायचे हे आधी ठरवावे लागते, आणि माझ्या मते राबेल यांची खरी बुद्धी या सोडण्यात होती.

दुसरे उदाहरण सदोष मालाचे. रोमच्या बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी गुलाम आणि जनावरे विकणाऱ्यांसाठी नियम केले होते: दोष न सांगता विकलेस तर घेणारा माल परत करील किंवा किंमत कमी करून घेईल. हा गुरांच्या बाजारातला नियम दोन हजार वर्षे टिकला आणि जर्मन संहितेत जाऊन बसला. परिणाम असा, की माल उशिरा आला तर एक कायदा, अजिबात आला नाही तर दुसरा, आणि सडका आला तर तिसरा. इंग्रजांकडे वेगळाच पसारा: मुख्य अट मोडली तर करार संपवा, दुय्यम हमी मोडली तर नुसती भरपाई. राबेल म्हणाले, विकणाऱ्याने ठरल्याप्रमाणे माल द्यायचे कबूल केले होते. त्याने तो तसा दिला नाही. उशिरा दिला काय, कमी दिला काय, सडका दिला काय, हा करारभंग आहे. प्रश्न उरतो तो भंग किती गंभीर, एवढाच. ऐकायला हे इतके सोपे वाटते, की यात पंडिताचे काम ते काय असे कोणी म्हणेल. पण बहुतेक देशांच्या कायद्यांत तेव्हा ते इतक्या सोप्या शब्दांत लिहिलेले नव्हते.

समितीचा पहिला मसुदा १९३५ मध्ये बाहेर आला. त्याच वर्षी ज्यू वंशाचे म्हणून राबेल यांची बर्लिन विद्यापीठातली प्राध्यापकी गेली. त्यांनी ख्रिस्ती धर्म कधीच स्वीकारला होता. नाझींच्या वंशगणितात त्याला किंमत नव्हती. मालविक्रीच्या कायद्यावरच्या त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९३६ मध्ये बर्लिनमध्येच छापला गेला, आणि १९३७ मध्ये स्वतः उभारलेल्या संस्थेतून त्यांना बाहेर काढले. १९३९ मध्ये, पासष्टाव्या वर्षी, ते अमेरिकेला गेले. मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरला बसून त्यांनी इंग्रजीत, म्हणजे परक्या भाषेत, देशोदेशींच्या कायद्यांच्या संघर्षावर चार खंडांचा ग्रंथ लिहिला. १९५० मध्ये ते युरोपात परतले. तोवर संस्थेचे ग्रंथालय बाँबहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी ट्यूबिंगेनला हलवले होते, तिथे ते जाऊन बसू लागले. मालविक्रीच्या ग्रंथाचा दुसरा खंड निघाला १९५८ मध्ये. राबेल १९५५ मध्येच गेले होते.

आता अहमदाबाद-खामगावकडे थोडे वळू, कारण ‘हो’चा प्रश्नही याच रीतीने सुटला. १८१७ मध्ये इंग्लंडमध्ये लोकर विकण्याचा देकार देणारे एक पत्र चुकीच्या पत्त्यामुळे उशिरा पोचले. घेणाऱ्याने ताबडतोब होकार टाकला, पण विकणाऱ्याने वाट पाहून लोकर दुसऱ्याला विकली होती. न्यायालय म्हणाले, होकाराचे पत्र टपालात पडले तेव्हाच करार झाला. हाच नियम १८७२ च्या आपल्या कायद्यात थोड्या फरकाने आला आणि हिदायतुल्लांनी बोट ठेवले ते त्याच्यावरच. जर्मन कायदा उलट: होकार पोचल्याशिवाय करार नाही, पण तोवर देकार देणारा आपल्या शब्दाला बांधलेला, त्याला माघार नाही.

दोन टोके दिसतात ना? राबेल यांच्या रीतीने अडचण विचारली की कळते, इथे एक नाही तर दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. होकार वाटेत असताना देकार देणाऱ्याने पलटी मारू नये, हा पहिला. पत्र वाटेत गहाळ झाले तर त्याचा भुर्दंड कोणाला, हा दुसरा. इंग्रजांनी एकाच नियमाने दोन्ही पक्षी मारले, आणि म्हणून त्यांचा नियम इतरांना पटत नव्हता. १९८० च्या करारात हे प्रश्न सुटे केले. होकार पोचला की लागू झाला, म्हणजे गहाळ पत्राची जोखीम पाठवणाऱ्याची, हे जर्मनांचे. पण समोरच्याने होकार रवाना करण्याच्या आधीच माघारीचा निरोप त्याच्या हाती पडला तरच माघार घेता येईल. हे इंग्रजांच्या टपालपेटीतून आलेले. खामगावच्या खटल्यात न्यायमूर्ती दोन बाजूंना गेले ते या गाठीपायी. माझा स्वतःचा कौल हिदायतुल्लांना आहे. कायद्याच्या शब्दांना इमानदार तेच होते. बाकीच्या दोघांनी व्यवहाराला बरे पडेल ते केले, आणि तेही काही चूक नव्हे.

१ जुलै १९६४ रोजी हेगमध्ये राबेल यांच्या मसुद्यातून वाढलेले दोन करार मान्य झाले. परिषदेला अठ्ठावीस देश आले होते, पण शेवटी सामील झाले नऊच. ब्रिटनने तर अशी पुस्ती जोडली, की पक्षकारांनी आपणहून हा कायदा मागितला तरच तो लागू. लग्नाला होकार, पण संसार जमल्यास, असला प्रकार. नव्याने स्वतंत्र झालेले आशिया-आफ्रिकेतले देश म्हणाले, की हा श्रीमंत युरोपीयांनी आपसांत लिहिलेला कायदा आहे. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

म्हणून १९६६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी व्यापारी कायद्यासाठी वेगळा आयोग नेमला, ‘अन्सिट्राल’. भारत त्याचा पहिल्यापासूनचा सदस्य. आयोगाच्या या कामाची सूत्रे काही वर्षे जॉन हॉनल्ड या अमेरिकी कायद्याच्या प्राध्यापकाकडे होती. वकिली परिभाषा गाळून, दुसऱ्या भाषेत सहज उतरवता येतील असे शब्द शोधले गेले. मार्च-एप्रिल १९८० मध्ये बासष्ट देश परिषदेला जमले, आणि जमले ते व्हिएन्नात, राबेल यांच्या जन्मगावी. एकशे एक कलमांचा करार सहा भाषांत सारख्याच अधिकाराने मान्य झाला आणि १ जानेवारी १९८८ पासून लागू झाला. आज त्यात नव्वदहून अधिक देश आहेत: अमेरिका, चीन, जर्मनी, फ्रान्स, जपान. ब्रिटन नाही. व्हिएन्नाच्या परिषदेला आपले प्रतिनिधी असूनही भारत नाही.

करार एक झाला, पण तो वाचणारे न्यायाधीश नव्वद देशांत विखुरलेले. वर एकही समाईक न्यायालय नाही. सातव्या कलमात विनंतीवजा आज्ञा आहे, की अर्थ लावताना कराराचे आंतरराष्ट्रीय स्वरूप आणि सगळीकडे एकसारखेपणा राखण्याची गरज ध्यानात ठेवा. पण न्यायाधीशाला आपल्या घरच्या कायद्याची ओढ असते. माहेरवाशिणीने सासरी प्रत्येक भाजीत माहेरचा मसाला घालावा तसे तो आंतरराष्ट्रीय शब्दांत घरचे अर्थ घालतो. हे न होऊ देणारे निवाडेही आहेत. न्यूझीलंडचे शिंपले एका स्वित्झर्लंडच्या विक्रेत्याने जर्मन खरेदीदाराला विकले. तपासणीत कॅडमियम जर्मनीच्या मार्गदर्शक मर्यादेपेक्षा जास्त निघाले. खरेदीदाराने पैसे अडवले. १९९५ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच देशबांधवाच्या विरुद्ध निकाल दिला: खरेदीदाराच्या देशातले आरोग्याचे नियम परक्या विक्रेत्याला ठाऊक असलेच पाहिजेत असे नाही; हवे होते तर करारात लिहून घ्यायचे.

या कथेला एक दुसरा धागा आहे, आणि तोही बर्लिनच्या त्याच राजवाड्यातून निघतो. १९२० च्या दशकाच्या अखेरीस राबेल यांच्या संस्थेत वाल्टर हालश्टाइन नावाचा तरुण संशोधक होता. विषय, देशोदेशींचे कंपनी कायदे. तिशी गाठण्याआधीच रोस्टॉकला तो प्राध्यापक झाला. गुरूला हाकलले गेले, शिष्य आपल्या खुर्चीवर राहिला. नाझी पक्षात तो गेला नाही. पण १९३९ मध्ये रोस्टॉकला ‘बृहद्‌जर्मनी’च्या कायदेशीर एकतेवर त्याने भाषण दिले. गिळलेल्या ऑस्ट्रियाला जर्मन कायद्यात कसे बसवायचे, हेही तेव्हा ‘कायद्याचे एकीकरण’च म्हणवले जात होते. हा विषय सोज्वळ आहे असे समजणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये. १९४४ मध्ये शेरबुर्गला तो अमेरिकनांच्या हाती सापडला. मिसिसिपीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीत त्याने कैद्यांसाठी विद्यापीठ चालवले. त्या दिवसांत अ‍ॅन आर्बरला वृद्ध राबेल आपला ग्रंथ लिहीत होते.

१९५८ मध्ये हालश्टाइन युरोपीय आर्थिक समुदायाच्या आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. त्यांची वाट गुरूपेक्षा वेगळी होती. राबेल यांना सगळ्यांनी राजीखुशीने उचलावा असा एक कायदा हवा होता. हालश्टाइन यांना हवी होती संस्था: आयोग, मंत्रिपरिषद, आणि मुख्य म्हणजे न्यायालय. समुदाय ना सैन्यावर उभा आहे ना पोलिसांवर, तो कायद्यावर उभा आहे, हा त्यांचा लाडका मुद्दा. हेगचे करार झाले त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, १५ जुलै १९६४ रोजी, समुदायाच्या लक्झेंबर्गमधल्या न्यायालयाने मिलानच्या एका वकिलाच्या १,९२५ लिरांच्या वीजबिलावरून निकाल दिला, की समुदायाचा कायदा आणि सदस्य देशाचा कायदा भिडले तर समुदायाचा कायदा वरचढ. एका पंधरवड्यात दोन वाटा दिसल्या. राबेल यांच्या मसुद्यावर अठ्ठावीस देशांनी चर्चा केली आणि बहुतेक घरी गेले. इकडे एका वीजबिलाने सहा देशांची न्यायालये बांधली गेली. बिल भरायला नकार देणाऱ्या त्या वकिलाला, माझी खात्री आहे, युरोपच्या एकात्मतेची विशेष काळजी नव्हती.

पण वरचढ कायदा असला म्हणून सगळे कायदे एक करायचे का? आयोगाने काही वर्षे तसा प्रयत्न केला आणि एकेका पदार्थाची व्याख्या करता करता घामाघूम झाला, कारण प्रत्येक मसुद्याला सगळ्या देशांची संमती लागे. सुटका केली ती फ्रान्सच्या एका ब्लॅककरंट फळाच्या मद्याने. दीजोंच्या ‘कासी’त अल्कोहोल १५ ते २० टक्के, जर्मनीत अशा मद्यात किमान २५ टक्के हवे. जर्मन सरकारने न्यायालयात चक्क असा युक्तिवाद केला, की सौम्य दारूने लोकांना पिण्याची सवय लागते. फेब्रुवारी १९७९ मध्ये न्यायालयाने तो बाजूला सारला: एका सदस्य देशात रीतसर विकला जाणारा माल दुसऱ्यानेही, अगदी सबळ कारण नसेल तर, विकू द्यावा. कायदे एक करू नका, एकमेकांचे कायदे मान्य करा. एकीकरणाच्या पंडितांचे निम्मे काम या निकालाने हलके केले. काहींना ते आवडलेही नसेल.

दोन धागे पुढे एकत्र आले, तेही मजेशीर रीतीने. ग्राहकाला विकलेल्या मालाबद्दल १९९९ मध्ये युरोपीय संघाने निर्देश काढला. त्यातली ‘माल कराराप्रमाणे असावा’ ही मध्यवर्ती कल्पना व्हिएन्नाच्या करारातून, म्हणजे अखेर राबेल यांच्या मसुद्यातून उचललेली. निर्देश पाळायचा तर जर्मनीला आपली संहिता बदलणे भाग होते. जर्मनांनी नुसते ठिगळ लावले नाही. १ जानेवारी २००२ पासून रोमच्या गुरांच्या बाजाराचे ते नियम हटवून सगळा भाग करारभंगाच्या एकाच कल्पनेवर नव्याने लिहिला. बर्लिनमधून हाकललेला विचार रोम, हेग, व्हिएन्ना आणि ब्रसेल्स असा फेरा घालून, राबेल यांच्या मृत्यूनंतर सत्तेचाळीस वर्षांनी, बर्लिनच्या कायद्यात आला.

पुढची पायरी, म्हणजे साऱ्या युरोपला एकच करार कायदा, मात्र चढता आली नाही. डेन्मार्कचे प्राध्यापक ओले लांडो यांनी देशोदेशींचे अभ्यासक जमवून वीस वर्षे युरोपीय करार कायद्याची समाईक तत्त्वे लिहिली. सरकारी हुकूम नसताना, प्राध्यापकांनी आपसांत. २०११ मध्ये आयोगाने ऐच्छिक युरोपीय विक्री कायद्याचा प्रस्ताव आणला आणि २०१४ च्या अखेरीस तो मागेही घेतला. देशांना आपापल्या संहितांचा लळा आहे.

दोन्ही वाटा एकदम धरल्या त्या आफ्रिकेने. १७ ऑक्टोबर १९९३ रोजी मॉरिशसच्या पोर्ट लुईस येथे, बहुतेक फ्रेंच भाषा वापरणाऱ्या देशांनी, व्यापारी कायदा एक करण्याचा तह केला. ‘ओहादा’ या नावाने तो ओळखला जातो. आज सतरा देश त्यात आहेत. तिथे मंजूर झालेला समाईक कायदा संसदेच्या मंजुरीशिवाय थेट लागू होतो, आणि अर्थ लावायला आबिजानला समाईक न्यायालय आहे. सेनेगलचे न्यायविद केबा म्बाये यांचा या उभारणीत मोठा वाटा. ओहादाच्या व्यापारी विक्रीच्या नियमांवरही व्हिएन्नाच्या कराराची छाया आहे. राबेल यांना न मिळालेले न्यायालय आणि हालश्टाइन यांना न मिळालेला समाईक विक्री कायदा, दोन्ही आबिजानकडे आहेत. या देशांचा आपसांतला व्यापार मात्र अजून बेताचाच, कारण रस्ते, बंदरे आणि नाके कायद्याने बांधले जात नाहीत.

आणि आपण? दक्षिण आशियात गंमत नेमकी उलटी आहे. युरोपात बाजार एक झाला आणि करार कायदे वेगळे राहिले. आपल्याकडे भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश या तिन्ही देशांत १८७२ चा तोच करार कायदा आणि १९३० चा तोच मालविक्री कायदा चालतो. इंग्रज गेले, फाळणी झाली, युद्धे झाली, कलमांचे क्रमांकसुद्धा बदलले नाहीत. लांडो वीस वर्षे ज्याच्या मागे होते ते लाहोर, ढाका आणि मुंबई यांच्या वकिलांच्या कपाटात आयते पडलेले आहे. १९८५ पासून सार्क आहे, २००६ पासून मुक्त व्यापाराचा करारही आहे.

१४ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने कांद्याच्या निर्यातीवर तडकाफडकी बंदी घातली. नाशिक जिल्ह्यात शेतकरी रस्त्यावर आले, आणि पेट्रापोलसारख्या बांगलादेशच्या सीमेवरच्या नाक्यांवर कांद्याने भरलेले ट्रक जागच्या जागी उभे राहिले. दोन्ही बाजूंच्या वकिलांपुढे मालविक्री कायद्याचे तेच सव्विसावे कलम होते. सडलेल्या कांद्याची जोखीम कोणाची, याचे उत्तर इकडे आणि तिकडे शब्दशः एकच. सदस्य देशांनी एकमेकांकडे जाणाऱ्या मालावर निर्यातबंदी घालू नये, असे न्यायालयात बजावता येणारे कलम मात्र दोन्हीकडच्या कपाटात नव्हते. ते आहे युरोपीय आर्थिक समुदाय स्थापणाऱ्या १९५७ च्या रोमच्या तहात, चौतिसावे. ट्रक काही दिवसांनी हलले. तोवर बराच कांदा नासला होता.